कल्लहळचा चार इंच पाऊस

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ मे १९७४

अक्का,

इथूनच वाकून तुझ्या पायांना हात लावतो. दाजींना शरणार्थ सांग. तुझ्या पत्रात निम्म्या शिव्या आणि निम्मे प्रश्न होते. शिव्या ठेवून घेतल्या, प्रश्नांची उत्तरं देतो.

नोकरीला लागून वर्ष झालं तरी मी काय करतो ते गावात सांगता येत नाही म्हणतेस. मग असं सांग. होटगी रस्त्याला विमानतळाच्या कुंपणालगत आमचं केंद्र आहे. छतावर मोठ्या परातीएवढं एक यंत्र गरगर फिरतं. त्यातून लहरी सुटतात, लांबच्या ढगातल्या पाण्यावर आपटतात आणि माघारी येतात. खाली अंधाऱ्या खोलीत काचेच्या पडद्यावर त्यांचा हिरवा डाग उमटतो. डाग जेवढा झळझळीत तेवढं ढगात पाणी जास्त. त्यावरून पाऊस किती पडला याचा आकडा काढायचा, हे तुझ्या भावाचं काम. खुर्चीत बसून मी तुमच्या तालुक्याचं आभाळ मोजतो.

परवा इथं वळीव आला तो मारायलाच आल्यासारखा. सात रस्त्यावर एका दुकानाचा पत्रा उडाला आणि सायकलवरून चाललेल्या एका माणसाचा कान कापत गेला. तो माणूस एका हातानं डोकं धरून दुसऱ्या हातानं रस्त्यावर कान शोधत होता. टांग्याचा घोडा गारांच्या माऱ्यानं उधळला आणि टांग्यासकट भिंतीवर आदळला. त्याचं ओरडणं अजून कानात आहे. मी कसाबसा कामावर पोचलो आणि पडद्यासमोर बसलो, तर हाच राक्षस आग्नेयेला सरकत निघाला होता. अक्कलकोट ओलांडून तो तुमच्या वरच्या कल्लहळवर गेला आणि तिथंच ठाण मांडून बसला. मी आकडा काढला. चार इंच. एका संध्याकाळी कल्लहळला चार इंच पाऊस झाला. तलाव तुडुंब भरला असेल. तुमच्या ओढ्याला पाणी आलं का ते कळव.

माझ्याबरोबर धर्मपाल म्हणून एकजण आहे. तो म्हणतो, इतक्या लांबचा आकडा कुणाला सांगत जाऊ नकोस, तिथं खाली पाऊस मोजायचं भांडं ठेवलेलं नाही. धर्मपाल भाजीत मीठ घालतानासुद्धा दोनदा चाखणारा माणूस आहे. त्याचं मनावर घ्यायचं नाही.

तुझा
भीमाशंकर


चिंचोळगी
१४ मे १९७४

भीमा,

आशीर्वाद घे आणि हे पत्र नीट बसून वाच.

गावात कुणाचंही पत्र आलं तरी ते मठाच्या कट्ट्यावर मीच वाचून दाखवते, हे तुला माहीत आहे. तुझंही वाचलं. सात रस्त्यावरच्या कानापर्यंत लोक मजेत ऐकत होते. चार इंचांपाशी आले तेव्हा लोकांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. तुझे दाजी उठून उभे राहिले. कारण आमचा ओढा ठणठणीत कोरडा आहे. आम्ही वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरतो. शेजारच्या येडूची म्हैस परवा झऱ्यापाशीच मेली.

तो तलाव कल्लहळच्या हद्दीत असला तरी एकट्या कल्लहळचा नाही. दुष्काळाच्या कामावर दोन्ही गावांनी मिळून तो बांधला. मीही तिथं माती वाहिली आहे, माझ्या पायाची दोन नखं त्या बांधात गेली. तेव्हा दोन्ही गावांनी शिवेवरच्या दगडी नंदीच्या, आपल्या बसवण्णाच्या, शिंगावर हात ठेवून ठरवलं होतं की तलावात पाणी आलं की पहिलं अर्धं बांधातली मोरी उघडून चिंचोळगीला सोडायचं. मग चार इंच पडले तर आमचं अर्धं कुठं आहे? पंच विचारायला गेले. कल्लहळचे म्हणाले, पाऊस झालाच नाही. ढग आले, वारा सुटला आणि गेले. शब्दानं शब्द वाढला. शेवटी तलावाची राखण करणारा शिवलिंगप्पा बसवण्णापाशी आला, शिंगावर हात ठेवला आणि म्हणाला, "एक थेंब जरी तलावात पडला असंल तर माझा वंश बुडू दे."

आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. शिंगावर शपथ झाली की कुणी बघायला जायचं नाही. बघायला गेलं म्हणजे बसवण्णालाच खोटं पाडलं. म्हणून आमच्यातला एकही माणूस तलावाकडं गेलेला नाही. आणि शपथ खोटी निघाली तर त्या माणसाला ठेचून काढायचं, अशीही रीत आहे म्हणतात. आमच्या हयातीत ती वेळ आलेली नाही. पण पोरं कुऱ्हाडींना धार लावत बसली आहेत, आणि खरं सांगते, तो शिवलिंगप्पा समोर आला तर त्याच्या तोंडात माती कोंबावी असं मलाही वाटतं. वाटीवाटीनं पाणी भरून बघ म्हणजे कळेल.

आम्हाला बघायला जायची सोय नाही, म्हणून तुला विचारते. दाजींनीच विचारायला सांगितलंय. कल्लहळला पाऊस पडला की नाही? एका शब्दात लिही. पण विचार करून लिही, इथं लोक तुझ्या शब्दावर अडून बसले आहेत.

नीलम्मा


सोलापूर
१८ मे १९७४

अक्का,

एका शब्दात विचारलंस, एका शब्दात सांगतो. पडला.

तुझ्या पत्राचा मला राग आला. तुझा नव्हे, त्या शिवलिंगप्पाचा. बसवण्णावर माझीही श्रद्धा आहे, पण शिंगावर हात ठेवणारा शेवटी माणूस आहे आणि त्याला स्वतःचं शेत आहे. यंत्राला ना शेत, ना भाऊबंद. ते कशासाठी खोटं बोलेल? तरी तुझ्या शब्दाखातर त्या संध्याकाळच्या पडद्याची फिल्म पुन्हा काढून साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, कमीत कमी चार, जास्तच असेल. दिल्लीला जाणाऱ्या अहवालात तोच आकडा जाणार आहे.

तेव्हा दाजींना म्हणावं, खुशाल आपला वाटा मागा. आणि शिवलिंगप्पाला माझ्यातर्फे विचारा, चार इंच पाणी काय त्यानं एकट्यानं पिऊन टाकलं?

भीमा


सोलापूर
२९ मे १९७४

अक्का,

आज पेपरात चार ओळी आल्या आहेत. अक्कलकोट तालुक्यात तलावाच्या बांधावर दोन गावांत मारामारी, एक ठार, अनेक जखमी, धरपकड चालू. गावांची नावं दिली आहेत, माणसांची नाहीत. तुझं पत्र नाही.

आपल्यापैकी कोण गेलं ते ताबडतोब कळव. दाजी असल्या भानगडीत पुढं होणारे नाहीत, पण अंगावर आलं तर काय करतील? कल्लहळच्यांनी आपला माणूस मारला असेल तर त्यांना सोडायचं नाही. मी साहेबांच्या सहीनं आकडा लिहून आणतो, तो कोर्टात त्यांच्या तोंडावर मारू.

भीमा


चिंचोळगी
५ जून १९७४

भीमा,

मेला तो कल्लहळचा. शिवलिंगप्पा. आणि त्याला मारलं ते तुझ्या दाजींनी. ते सोलापूरच्या तुरुंगात आहेत, तुझ्या खोलीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर.

तुझा "पडला" मी कट्ट्यावर वाचला. शिवलिंगप्पानं पाणी पिऊन टाकलं का, तेही वाचलं. लोक हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत सगळं गाव निघालं. पुरुषांच्या हातात पहारी, कुऱ्हाडी, टिकाव, आणि मागं आम्ही बायका. बांध फोडायचा आणि आपलं पाणी घेऊन यायचं, एवढंच ठरलं होतं. माणूस मारायचं कुणी म्हटलं नव्हतं. शपथ खोटी ठरली होती, त्याचं काय करायचं ते मात्र कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आमच्या बाजूनं बांध ताडमाड उंच आहे. पलीकडं पाणी आहे की धूळ, ते माथ्यावर चढल्याशिवाय दिसत नाही. माथ्यावर कल्लहळचे उभे होते. त्यांच्या पायाशी दगडांचे ढीग. शिवलिंगप्पा सगळ्यांच्या पुढं होता, हात पसरून. तो ओरडला, "वर या, बघा की. सोताच्या डोळ्यानं बघा. पाणी न्हाय."

भीमा, तिथंच तो मेला. खरी शपथ घेतलेला माणूस कुणाला बघायला बोलावत नाही. बोलावतोय म्हणजे भ्यालाय, भ्यालाय म्हणजे शपथ खोटी, आणि वर घेऊन दगडांनी ठेचायचा डाव आहे, असं आमच्यातला प्रत्येकजण समजला. मीही तेच समजले. तेवढ्यात वरून कुणाची तरी गोफण सुटली. दगड येडूच्या जबड्यावर बसला. त्यानं रक्त आणि दात एकदमच थुंकले. मग कुणी कुणाचं ऐकेना. तुझे दाजी पहार घेऊन बांधावर धावत चढले. पहिला घाव शिवलिंगप्पाच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला, तरी एक हात मागं तलावाकडं करत होता. दुसरा घाव डोक्यात. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. खालपर्यंत आला.

दाजी माथ्यावर पोचले आणि तिथंच उभे राहिले. त्यांना काही लागलं की काय म्हणून मी धडपडत वर गेले. पलीकडं तलावाच्या तळात हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मधल्या खळग्यात शेळीची हाडं पडली होती. पाणी नव्हतं, ओल नव्हती, पाणी येऊन गेल्याची खूणसुद्धा नव्हती.

तुला वाटेल, ते बघून लोक थांबले असतील. नाही थांबले. पाणी नाही म्हटल्यावर जास्तच पिसाळले. येडूच्या भावानं कुऱ्हाडीनं एकाची बोटं तोडली. बायकांनी बायकांचे केस उपटले. मी एका बाईच्या दंडाला चावले, तिनं माझं काहीही केलं नव्हतं. पोलीस आले तेव्हा आम्ही सगळे दमून तिथंच बसलो होतो, मेलेल्या माणसाच्या आसपास, दोन्ही गावचे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गावात येऊन विचारलं, पाऊस पडल्याचं कुणी सांगितलं? तुझी पत्रं मी आधीच चुलीत घातली होती. गावानं तुझं नाव घेतलं नाही. दाजींनीही नाही.

आता तू मला सांग. चार इंच कुठं गेले?

नीलम्मा


सोलापूर
२१ जून १९७४

अक्का,

उशीर झाला, कारण उजवा डोळा सुजून मिटला होता आणि लिहिता येत नव्हतं. उत्तर घेऊन आलोय.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. मग धर्मपालला सगळं सांगितलं. तो मला एका शब्दानंही टोचून बोलला नाही. म्हणाला, आता भांडं घेऊन तूच तिथं जा, मी इथं पडद्यावर बसतो. मी रजा काढून अक्कलकोटात जाऊन राहिलो. मृग लागला तरी वळीवच येत होते. एके दिवशी दुपारी सोलापूरच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं तेव्हा भाड्याची सायकल घेतली आणि पाऊस मोजायचं भांडं पिशवीत घालून कल्लहळ गाठलं. तलावाच्या काठावर मोकळ्या जागी भांडं पुरलं आणि शेजारी बसलो.

ढग डोक्यावर आला. अक्का, तो बरसत होता. वर काळ्या पोटातून पावसाचे करडे पडदे लोंबत होते, मी डोळ्यांनी बघितले. पण ते जमिनीला टेकत नव्हते. निम्म्या वाटेवर विरून जात होते. खाली नुसता वारा होता, भट्टीतून आल्यासारखा, आणि धूळ. बोराएवढ्या चार गारा आल्या, त्यातली एक माझ्या कपाळावर फुटली. टपोरे थेंब धुळीत पडले आणि धुळीनंच ते पिऊन टाकले. सगळं निवल्यावर भांडं उपसून बघितलं. तळ नुसता ओलसर झाला होता. त्याच तासाला, त्याच जागी, धर्मपालनं पडद्यावर तीन इंच मोजले होते.

चूक कुठं होती ते आता मला कळलंय. आमची लहर किंचित वर रोखून सोडलेली असते, ती सरळ जाते आणि जमीन गोल आहे. चाळीस मैलांवर जाईपर्यंत ती जमिनीपासून पाऊण मैलाहून उंच गेलेली असते. ती ढगातलं पाणी मोजते, शेतातलं नाही. मधल्या पाऊण मैलात कोरडी हवा किती पिऊन टाकते, ते तिला दिसत नाही. दुसरी चूक त्याहून वाईट. थेंब दुप्पट मोठा झाला की पडद्यावर तो दुप्पट दिसत नाही, चौसष्ट पट दिसतो. वर मूठभर ओल्या गारा असल्या तरी आम्हाला वाटतं, तळं लोंबतंय. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी परीक्षेत लिहून पास झालोय. तरी तू विचारलंस तेव्हा मी "पडला" लिहिलं, कारण एका राखणदारानं माझा आकडा खोटा ठरवला याचा मला राग आला होता.

भांडं काढताना लोक जमले. कोण, कुठला, विचारलं. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. खोटं सांगायचं डोक्यात होतं, पण तोंडातून खरं आलं. शिवलिंगप्पाच्या भावानं तेच पितळी भांडं उचलून माझ्या तोंडावर घातलं. समोरचे दोन दात तिथं आहेत. मग लाथा. बरगडीचं हाड मोडलेलं मला आवाजावरून कळलं.

कुणीतरी शिवलिंगप्पाच्या बायकोला बोलावून आणलं. काशम्मा तिचं नाव. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि विचारलं, "त्या दिवशी पाऊस पडला हुता का?"

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, "समद्यांना ऐकू जाईल असं सांगा की."

मी मोठ्यानं सांगितलं. पाऊस पडला नव्हता, तुमचा नवरा खरं बोलत होता. ती उठून निघून गेली. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा मारलं, पण पहिल्यासारखं नाही. मग कुणीतरी मला बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यावर आणून टाकलं.

दाजींना हे सांगायची मला भीती वाटते. तू सांग.

भीमा


चिंचोळगी
२ ऑगस्ट १९७४

भीमा,

दात गेले ते वाईट झालं. आई असती तर तिनं तुला पोटाशी धरलं असतं. मी धरणार नाही.

मी दाजींना काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुरुंगात भेटायला गेले होते. गजाआडून ते एकच गोष्ट सांगत होते. पाणी होतं, कल्लहळच्यांनी मोरी काढून ते मागच्या विहिरींत सोडलं, उन्हाळ्यात तळ दोन दिवसांत भेगाळतो, शिवलिंगप्पानं बसवण्णासमोर खोटं बोलून मरण ओढवून घेतलं. हे पुन्हा पुन्हा सांगतात आणि मग भाकरी खातात. त्या गोष्टीवर ते जेवतात, भीमा. ती काढून घेतलीस तर त्या माणसाकडं काय उरतं? गेल्या वर्षी मनगटाएवढा जाड साप घरात निघाला तेव्हा मारू नका म्हणून त्याला काठीवर उचलून बाहेर सोडणारा माणूस आहे तो.

आता वकिलाचं ऐक. तो म्हणतो, सरकारी माणूस कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला की कल्लहळला चार इंच पाऊस झाला, तर आपण हक्काचं मागायला गेलो होतो असं होतं, रागाच्या भरात घाव बसला असं होतं, आणि मान वाचते. पाऊसच नव्हता म्हटलं, तर खरं बोलणाऱ्या निरपराध माणसाला दोन घाव घालून मारला असं होतं. मग फास. वकिलानं ते बोटानं गळ्यावर रेघ ओढून सांगितलं.

तुझी फिल्म आहे. साहेबांची सही आहे. दिल्लीला गेलेला आकडा आहे. तुला खोटं रचायचं नाही, एकदा लिहिलंस तेच एकदा बोलायचं आहे. बोल. तुझ्या त्या एका शब्दानं माझं घर मोडलं, त्याच शब्दानं माझं कुंकू राख.

नाही बोललास तर चिंचोळगीत तुझं कुणी नाही.

नीलम्मा


सोलापूर
१९ जानेवारी १९७५

अक्का,

उद्या माझी साक्ष.

तुला न सांगता मी दाजींना भेटून आलो. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी विचारलं, कुणी मारलं? मी म्हणालो, सायकलवरून पडलो. ते हसले. मग गजांना धरून जवळ आले आणि म्हणाले, "भीमा, पाऊस पडला हुता न्हवं?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

साहेबांनी बोलावून सांगितलं की आकडा अंदाजे होता एवढंच म्हण, केंद्राचं नाव घेऊ नकोस, आणि पत्रांबद्दल कुणी विचारलं तर आठवत नाही म्हण. तू म्हणतेस, चार इंच म्हण. कल्लहळचे कोर्टाच्या आवारात मला गाठून म्हणाले, काशम्मापुढं बोललास ते बदललंस तर उरलेले दात पण काढू.

मी खरं सांगणार आहे. पाऊस पडला नव्हता. पण तेवढंच नाही, सगळं सांगणार आहे. पडला असं मी लिहून कळवलं, दोनदा कळवलं, त्यांनी विचार करून लिही म्हटलं असताना कळवलं, आणि बघायला जायची त्यांना बंदी होती हे मला ठाऊक होतं. आमच्या दाजींनी, गुरप्पानं, घाव घातला तो माझ्या शब्दावर विसंबून. शिक्षेतला माझा वाटा मला द्या, असं जजसाहेबांना म्हणणार आहे. वकील म्हणतो, असं कायद्यात नसतं. नसू दे.

यानं दाजींना फास बसला तर मी जन्मभर तुझ्यासमोर येणार नाही. पण काशम्माच्या नवऱ्याला मी पुन्हा एकदा खोट्या शपथेचा करू शकत नाही. तो एकदा मेलाय.

भीमा


चिंचोळगी
२७ मार्च १९७५

भीमा,

तू साक्ष दिलीस तेव्हा मी कोर्टात मागच्या बाकावर होते. तू उतरताना माझ्याकडं बघितलंस आणि मी तोंड फिरवलं. नंतर सगळं झालं ते तुला कळलंच आहे. वकिलाचा अंदाज साफ चुकला. जजसाहेबांनी निकालात लिहिलं की आरोपींना जबाबदार माणसाकडून चुकीची माहिती मिळाली होती आणि ती खरी मानायला त्यांना कारण होतं. फास टळला. सात वर्षं. तुझी नोकरी गेली असं येडू सांगत होता.

त्या रात्री मी तुला शिव्याही दिल्या आणि देवाला हातही जोडले. मान वाचली होती. तुला पत्र लिहायला बसले, पण जमलं नाही. आज जमतंय असं नाही, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तू बोलत होतास तेव्हा सगळे तुझ्याकडं बघत होते, मी यांच्याकडं बघत होते. पाऊस पडला नव्हता, असं तू म्हणालास तेव्हा त्यांनी आधी मान हलवली, ऐकू न आल्यासारखी. मग तू लहरीचं, गारांचं, कोरड्या हवेचं सगळं सांगितलंस. ते त्यांना कळलं नसेल, पण तू रडतोयस हे कळलं. शिपायांनी बाहेर नेताना माझ्याजवळून गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "नीले, तो आमाला वर या म्हणत हुता." त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. पण तुरुंगातले लोक म्हणाले, शांत आहेत, सांगेल ते काम करतात.

गेल्या आठवड्यात खडी फोडायच्या कामावर त्यांनी आपला उजवा हात दगडावर ठेवला आणि डाव्या हातानं घण घातला. एकदा नाही. शेजारचा कैदी धावून येईपर्यंत तीनदा. ओरडले नाहीत म्हणे. मनगटापासून खाली काही राहिलं नव्हतं. सोलापूरच्या दवाखान्यात आणून डॉक्टरांनी हात कापला. आता जिवाला धोका नाही. मी चार दिवस तिथं बसून आले. का केलंत, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी भाकरी कुस्करून दिली की खातात.

तू खरं बोललास म्हणून मी तुझ्याशी भांडणार नाही. तू खोटं बोलला असतास तर भांडले असते की नाही, तेही मला माहीत नाही. माझं डोकं आता त्या बाजूला चालत नाही.

काल मी निघताना त्यांनी तुझं नाव काढलं. भीमा कुटं हाय, असं विचारलं. रागानं नाही. तू त्याच गावात आहेस आणि दवाखाना लांब नाही, तर जा. पोलीस बसलेला असतो, त्याला मेव्हणा म्हणून सांग. पावसाचं काही बोलू नकोस, माफीही मागू नकोस. आणि कॉटच्या डाव्या बाजूला बस. उजवीकडं कुणी बसलं की ते चादर ओढून घेतात.

नीलम्मा